शनिवारचं ॲव्हरेज

खटावकरकाकांनी मला आयुष्यात पहिला प्रश्न विचारला तो माझ्या चष्म्याच्या नंबरचा.

हॅनोव्हरच्या त्या घरात राहायला येऊन आम्हाला जेमतेम चार दिवस झाले होते. खोकी तशीच पडली होती. सकाळी नऊला बेल वाजली आणि दारात साठी ओलांडलेले, उंच, जरासे पुढे वाकलेले एक गृहस्थ उभे. अंगात करडा स्वेटर, खिशात थर्मामीटर. ताप मोजायचा नव्हे, लांबलचक, प्रयोगशाळेतला.

"तुम्ही मराठी," ते म्हणाले. "खाली पाटीवर नाव वाचलं. चष्म्याचा नंबर किती?"

"उणे अडीच."

"कधी तपासला?"

"गेल्या वर्षी. पण का?"

"मी वरच्या मजल्यावरचा खटावकर. मला साक्षीदार हवाय. अर्ध्या तासाचं काम आहे. शूज घाला."

आणि मी घातले. परक्या देशात चौथ्याच दिवशी कोणी इतक्या ठामपणे मराठीत हुकूम सोडला की माणूस उठतो.

मागच्या अंगणात त्यांची गाडी उभी होती. गडद हिरवी, दोन दारांची, सत्तरच्या दशकातली अमेरिकन गाडी. आठ सिलिंडर. नुसतं बॉनेट आमच्या स्वयंपाकघराएवढं. चालू केली तेव्हा पहिल्या मजल्यावरच्या खिडकीची काच थरथरली आणि खिडकीतल्या मांजराने घरात उडी घेतली. आम्ही पेट्रोल पंपावर गेलो. काकांनी डिकीतून गवंड्याची लेव्हल काढली आणि गाडीच्या टपावर ठेवली. बुडबुडा मध्ये येईना. गाडी वीतभर पुढे घेतली, मग दोन बोटं मागे. मग थर्मामीटरने हवेचं तापमान पाहिलं. मग पंपावरचा तपासणीचा शिक्का वाकून वाचला.

"गेआइश्ट आहे," ते नाखुशीने म्हणाले. म्हणजे सरकारने मोजमाप तपासून दिलंय. "असं ते म्हणतात."

टाकी गळ्यापर्यंत भरली. मग मला म्हणाले, "आता गाडी हलवा."

"कुठे नेऊ?"

"नेऊ नका. जागच्या जागी हलवा. टाकीत हवा अडकते. ती निघाली की अजून पाऊण लिटर बसतं."

मागे तीन गाड्या थांबल्या होत्या आणि मी, नुकतीच जर्मनीत आलेली, नव्या नोकरीची इंजिनिअर बाई, एका हिरव्या राक्षसाला मागून ढकलून झोके देत होते. आत काउंटरवरच्या मुलीने आमच्याकडे पाहिलं आणि नजर वळवली. तिला सवय असावी. परत आल्यावर काकांनी एक जाड वही उघडून मला सही करायला लावली, 'टाकी काठोकाठ भरलेली प्रत्यक्ष पाहिली' याखाली. चष्म्याचा नंबर आधीच लिहून ठेवला होता.

ही गाडी काकांनी हौसेने घेतली असेल असं कोणालाही वाटेल. तसं नाही. एक अमेरिकन संगीतशिक्षक मायदेशी परत जाताना ती विकत होता. काका सहज पाहायला गेले होते. तो म्हणाला, ही शंभर किलोमीटरला पंधरा लिटर खाते. काकांनी विचारलं, "मोजलंय कोणी?" तो हसला. त्याच्या त्या हसण्यामुळे काकांनी गाडी घेतली. महिनाभर मोजली. बावीस लिटर निघालं.

"मग?" मी विचारलं.

"मग काय. समाधान झालं."

"मग विकली का नाहीत?"

"विकताना पुढच्याला काय सांगणार? बावीस सांगितलं तर कोण घेईल? आणि पंधरा सांगायला मी काय संगीत शिकवतो?"

आपल्याकडे गाडी घेतली की शेजारी पहिला प्रश्न विचारतात, ॲव्हरेज किती पडतं. जर्मनीतही जुन्या गाडीवाले तोच प्रश्न विचारतात, फक्त बिअर पिऊन. त्यांचा महिन्यातून एकदा श्टामटिश असतो, ठरलेल्या हॉटेलातलं ठरलेलं टेबल. काका तिथे तीनदा गेले. एक जण म्हणाला माझी तेरा खाते. दुसरा म्हणाला बारा, हळू चालवली तर. काकांनी त्यांना सांगितलं की तुमची मागची चाकं मूळ मापाची नाहीत, त्यामुळे अंतराचा काटा खोटं बोलतो. तुम्ही पंपाच्या पहिल्या खटक्याला नळी काढता, म्हणून टाकी कधीच पूर्ण भरत नाही. आणि तुम्ही आठवणीतून आकडा सांगता, आठवण गेआइश्ट नसते. चौथ्या महिन्यापासून श्टामटिशचा दिवस बदलला. नवा दिवस काकांना कोणी कळवला नाही.

संशय फक्त पेट्रोलपुरता असता तर ठीक होतं. बीपी मोजणाऱ्या डॉक्टरीणबाईंना ते यंत्राच्या तपासणीची तारीख विचारत. घरी वजनकाटे तीन. तिन्ही वेगळे आकडे दाखवत, आणि काकांचा एकावरही विश्वास नव्हता. मी दिवाळीत चकल्या दिल्या तर म्हणाले, "छान झाल्यात. मोहन किती?"

"अंदाजे घातलं."

"अंदाजे म्हणजे अर्धी वाटी की पाऊण?"

"अंदाजे म्हणजे अंदाजे, काका."

त्यांनी चकलीकडे अशी नजर टाकली की जणू ती खोटी कागदपत्रं दाखवून घरात शिरली आहे.

लग्नाचंही तेच झालं. तरुणपणी पुण्यात दोन स्थळं पाहिली. पहिल्या मुलीची उंची पाच फूट चार इंच लिहिली होती. "आता मी काही टेप काढली नाही," काका मला सांगत होते, "पण ती दारातून आत आली तेव्हा कडी तिच्या खांद्याशी आली. कडीची उंची मी आधीच मोजली होती." दुसऱ्या मुलीने त्यांना विचारलं, तुमचा पगार किती. काकांनी सांगितला. ती म्हणाली, "स्लिप आहे का?" ती काकांना मनापासून आवडली होती. पण तिच्याकडून नकार आला.

दोन वर्षं मी साक्षीदाराचं काम केलं. दर शनिवारी काका दुपारी गाडी घेऊन जात, संध्याकाळी परत येत, आणि मी पंपावर झोके देऊन सही करत असे. माझं कामही आकड्यांचंच; ब्रेकच्या सॉफ्टवेअरमध्ये एक आकडा चुकला तर काय होतं ते मला माहीत आहे. त्यामुळे हळूहळू माझी नजर वहीकडे जायला लागली. आणि तिथे काहीतरी बरोबर नव्हतं.

एरवी कधीही गाडी काढली की बावीस. थोडं इकडेतिकडे, पण बावीस. शनिवारी मात्र तीस. अंतर प्रत्येक शनिवारी तेच, जाऊन-येऊन चाळीस किलोमीटर. म्हणजे पावणेनऊ लिटर लागायला हवं, आणि लागत होतं बारा.

मी काकांना विचारलं. ते वही मिटत म्हणाले, "शनिवारी वारा असतो."

ज्या माणसाने वाऱ्याचा वेग, दिशा आणि मोजण्याची उंची विचारल्याशिवाय आयुष्यात कोणाला वारा म्हणू दिला नसता, तो माणूस मला सांगत होता की शनिवारी वारा असतो.

त्या दिवसापासून मला त्यांचा संशय यायला लागला. जास्तीचे तीन लिटर, पण अंतर शून्य. म्हणजे गाडी कुठेतरी उभी राहते आणि इंजिन तासभर चालू राहतं. कुठे? कशासाठी? कोणाची वाट पाहत? मी नवऱ्याला सांगितलं, तर तो म्हणाला काकांचं काहीतरी प्रकरण असेल. पण प्रकरण असलेला माणूस इंजिन बंद करतो. ही साधी अक्कल झाली.

मग एका शनिवारी सकाळी मी बाल्कनीत कपडे वाळत घालत होते. खाली काका बॉनेट उघडून आत वाकले होते. हातात स्क्रू ड्रायव्हर. त्यांनी आधी इकडेतिकडे पाहिलं. मग कार्बोरेटरचा एक स्क्रू फिरवला. लगेच इंजिनाचा आवाज बदलला, घोगरा, अडखळता झाला, आणि मागून काळा धूर आला. मला वाटलं, आता पुन्हा नीट करतील. त्यांनी बॉनेट लावलं, हात पुसले, आणि तशीच अडखळणारी गाडी घेऊन निघून गेले.

संध्याकाळी परत आली तेव्हा गाडी घड्याळासारखी चालत होती.

आता मला झोप लागेना. ॲव्हरेजसाठी जगाशी भांडणारा माणूस स्वतःच्या हाताने स्वतःचं ॲव्हरेज बिघडवतो, आणि माझ्याकडून खाली सही घेतो. मी दोन वर्षं खोट्या आकड्यांची साक्षीदार होते की काय? मी ठरवलं की पुढच्या शनिवारी सही करायची नाही.

पण त्याआधीच काकांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. शुक्रवारी ते माझ्या दारात आले, एका डोळ्यावर प्लॅस्टिकची झाकणी.

"डॉक्टर म्हणतात दोन आठवडे गाडी चालवायची नाही," ते म्हणाले. "अगं मृणाल, उद्या तू चालवशील?"

"कुठे जायचंय?"

"वीस किलोमीटर."

"काका, मी कुठे विचारलं. किती नाही विचारलं."

त्यांनी डोळ्यावरची झाकणी उगाचच सारखी केली. "हिल्डेसहाइमच्या रस्त्याला एक प्फ्लेगेहाइम आहे. म्हाताऱ्यांचं. तिथे."

शनिवारी निघताना त्यांनी माझ्यादेखत स्क्रू फिरवला. ती गाडी चालवणं म्हणजे जहाज गल्लीतून काढण्यासारखं होतं. काका शेजारी बसून एका डोळ्याने माझ्या वेगावर लक्ष ठेवून होते आणि वेगाचा काटा चार किलोमीटर कमी दाखवतो असं तीनदा म्हणाले.

होमच्या पार्किंगमध्ये एक म्हातारे गृहस्थ चाकांच्या खुर्चीत बसले होते. मांडीवर चौकड्यांची चादर, डोक्यावर टोपी. डावा हात निर्जीव पडलेला. शेजारी एक परिचारिका उभी होती. आमची गाडी अडखळत आत आली तसे ते वाकड्या तोंडाने हसले.

"हे हेर ल्यूडर्स," काका मला म्हणाले. हेर म्हणजे जर्मनमधलं श्रीयुत. "इंजिन बंद करू नकोस."

काकांनी बॉनेट उघडलं. परिचारिकेने खुर्ची अगदी जवळ आणली. ल्यूडर्सांनी उजवा तळहात मडगार्डवर ठेवला आणि डोळे मिटले. बराच वेळ काही झालं नाही. मग ते म्हणाले, "फेट." म्हणजे मिश्रणात पेट्रोल जास्त झालंय. काकांनी स्क्रू पाव फेरा फिरवला. "अजून." अजून फिरवला. "जास्त झालं. मागे." काका मागे आले. ना काटा, ना दिवा, ना यंत्र. जगातल्या कुठल्याही शिक्क्यावर विश्वास नसलेला माणूस एका लकवा झालेल्या म्हाताऱ्याच्या तळहाताबरहुकूम स्क्रू फिरवत होता, आणि एकदाही "मोजलंय कोणी" म्हणाला नाही.

इंजिन ताळ्यावर यायला अर्धा तास लागला. उरलेला अर्धा तास काका खुर्चीशेजारी उभे राहून, वाकून ल्यूडर्सांशी बोलत होते. काय ते मला ऐकू येत नव्हतं. त्या आवाजात कोणालाच काही ऐकू आलं नसतं. ल्यूडर्स डोळे मिटून इंजिन ऐकत होते.

निघायच्या वेळी होमच्या व्यवस्थापक बाई बाहेर आल्या. फार अदबीने म्हणाल्या की रहिवाशांच्या तक्रारी आहेत, धूर खोल्यांत येतो, शिवाय उभ्या गाडीचं इंजिन असं चालू ठेवणं नियमात बसत नाही. भेटायला जरूर या. पुढच्या शनिवारपासून इंजिन मात्र बंद. काका "जा, जा, गेनाऊ" म्हणाले, म्हणजे हो, हो, बरोबर आहे. त्यांचा चेहरा पडला होता.

परतीच्या रस्त्यावर मी विचारलं, "तुम्ही गाडी मुद्दाम बिघडवता?"

"त्यांना काम नको का काहीतरी?"

"आणि नंतर काय सांगत होतात त्यांना?"

काकांनी खिडकीबाहेर पाहिलं. मग हळूहळू सांगायला लागले.

तरुणपणी काका एका लहान चाचणी-कार्यालयात लागले होते. ते कधीच बंद पडलं. लोकांच्या गाड्या किती पेट्रोल खातात ते तिथे मोजत. ल्यूडर्स तिथले जुने चालक. कान असा की आवाजावरून खप सांगायचे. काकांना त्यांनी पोरासारखं हाताशी धरून शिकवलं. मग एका गाडीच्या चाचणीत ल्यूडर्सांचा आकडा काकांच्या नव्या यंत्रापेक्षा कमी आला. ल्यूडर्स म्हणाले, तुझं यंत्र तपास. काकांना वाटलं, म्हातारा गिऱ्हाइकाला खूश करायला आकडा कमी दाखवतोय. त्यांनी तसं लेखी दिलं. ल्यूडर्सांना गाडीवरून काढून भांडारात बसवलं. निवृत्त होईपर्यंत ते तिथे स्क्रू मोजत राहिले.

"सहा महिन्यांनी मी ते यंत्र दुसऱ्याच कारणासाठी उघडलं," काका म्हणाले. "पहिल्या दिवसापासून जास्त दाखवत होतं. मी तपासलंच नव्हतं. नवं होतं, सोबत प्रमाणपत्र होतं. साहेबांना सांगितलं. ते म्हणाले, आता झालं ते झालं, कशाला उकरतोस. आणि मी नाही उकरलं."

"ल्यूडर्सांना सांगितलंत?"

"दर शनिवारी सांगतो. दोन वर्षं झाली. अगदी पहिल्यापासून शेवटपर्यंत."

"इंजिन चालू असताना."

"हो," काका म्हणाले. "इंजिन चालू असताना."

पुढच्या शनिवारी ते जायला तयार नव्हते. डोळा दुखतो म्हणाले, मग पाऊस येईल म्हणाले. मी गाडीची किल्ली घेऊन खाली जाऊन बसले. दहा मिनिटांनी ते आले.

पार्किंगमध्ये मी इंजिन बंद केलं. इतकी शांतता झाली की ल्यूडर्सांच्या श्वासाचा आवाज येत होता. ते बंद बॉनेटकडे पाहत होते. काका खुर्चीसमोर उभे राहिले आणि त्यांनी सगळं सांगितलं. त्यांचं जर्मन उत्तम आहे, तीस वर्षांचं. त्या दिवशी मात्र नव्याने आलेल्या विद्यार्थ्यासारखं अडखळत होतं. मी आणि परिचारिका दूर जाऊन उभ्या राहिलो, तरी शब्द न् शब्द ऐकू येत होता.

ल्यूडर्सांनी बॉनेटवरची नजर काकांकडे वळवली. मग विचारलं, "किती चुकत होतं?"

"चार टक्के."

त्यांनी मान हलवली. "मला तीन वाटलं होतं."

काका काहीतरी बोलायला गेले. ल्यूडर्सांनी उजवा हात जरासा वर केला. मग परिचारिकेकडे वळून म्हणाले, "आत." तिने खुर्ची वळवली. त्यांनी मागे पाहिलं नाही. काचेचं दार आपोआप उघडलं, आपोआप मिटलं. काका तसेच उभे होते. मी त्यांना दंडाला धरून गाडीत बसवलं. घरी येईपर्यंत त्यांनी वेगाच्या काट्याकडे एकदाही पाहिलं नाही.

तो आठवडा वरच्या मजल्यावरून पावलांचा आवाजही फारसा आला नाही. मी आमटी घेऊन गेले, तर दारातूनच घेतली. त्यात काय घातलंय ते विचारलं नाही. शुक्रवारी डॉक्टरांनी गाडी चालवायची परवानगी दिली. शनिवारी दोन वाजले, अडीच वाजले, हिरवी गाडी अंगणात तशीच उभी. मी वर जायचं की नाही ते ठरवत होते.

तीन वाजता बेल वाजली. दारात काका, हातात फोन.

"होममधून ती परिचारिका बोलली," ते म्हणाले. "म्हणते, हेर ल्यूडर्स दोन वाजल्यापासून कोट घालून पार्किंगमध्ये बसलेत. थंडी आहे, आत चला म्हटलं तर ऐकत नाहीत. विचारतायत, तो अजून कसा आला नाही."

"मग चला की. मी येते गाडी घेऊन."

"नाही, गाडी मी चालवतो. तू नुसती सोबत चल." त्यांनी एक पाय बुटात घातला होता, दुसरा बूट हातातच होता. तो घालायला ते माझ्या उंबऱ्यावर बसले, आणि नाडी बांधता बांधता, खाली बघूनच म्हणाले, "अगं, इंजिन बंद असताना त्या माणसाशी काय बोलायचं, ते मला कळत नाही."